तीन शब्द, पाच मिनिटे आणि पुढची दहा वर्षे

'आजी, मी तीन शब्द सांगतो. माझ्यामागून म्हणा आणि लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा विचारीन.' मग वार कोणता, आपण कुठे बसलोय, शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात गेले किती, असे चार-पाच मिनिटे चालते आणि शेवटी प्रश्न येतो, 'मघाचे शब्द?' २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आले की ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत अशी शिबिरे भरतात. शिबिरातून घरी येणाऱ्याच्या हातात एक आकडा असतो आणि मनात दोन प्रश्न. गुण कमी पडले, म्हणजे पुढे डिमेन्शिया होणार का? आणि पैकीच्या पैकी पडले, म्हणजे सुटलो का?

गेल्या पन्नास वर्षांत या दोन प्रश्नांवर जगभर भरपूर काम झाले आहे. त्याचा सरळ निष्कर्ष असा, की एकदाच घेतलेल्या चाचणीचे गुण भविष्य सांगण्याच्या कामी फारसे येत नाहीत. त्याच माणसाची चाचणी काही अंतराने पुन्हा घेतली तर येतात. पण तेही चाचणी त्या माणसाच्या भाषेला आणि शिक्षणाला साजेशी असेल तरच. ही शेवटची अट नाशिक जिल्ह्यात फार महागात पडते. ते पुढे येईलच.

आधी साधनांविषयी. शिबिरात बहुधा वापरली जाते ती 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन', म्हणजे एमएमएसई, १९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोलस्टाइन, सुझन फोलस्टाइन आणि पॉल मॅक्ह्यू यांनी तयार केली. रुग्णालयात दाखल झालेल्या मनोरुग्णांची आजची बौद्धिक अवस्था झटपट जोखावी, एवढाच तिचा हेतू होता. एकूण तीस गुण, चोविसाच्या खाली गेले की शंका. ही चाचणी सौम्य बिघाड पकडत नाही अशी तक्रार होती, म्हणून २००५ मध्ये मॉन्ट्रिअलच्या झियाद नासरेद्दीन यांनी 'मोका' आणली. तिच्यातही तीस गुण आहेत, पण तीनऐवजी पाच शब्द, घड्याळ काढणे, घनाकृती उतरवणे आणि चित्रातले प्राणी ओळखणे अशी कामे वाढवली. सव्वीसच्या खाली शंका. पुढे वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर लक्षात आले, की सव्वीसची रेघ धडधाकट माणसांनाही मोठ्या संख्येने आजारी ठरवते, आणि तेवीस अधिक योग्य आहे. रेघ तीन गुणांनी खाली आणली की किती माणसे एका दिवसात बरी होतात, याची कल्पना करून पाहावी.

या सगळ्या प्रश्नांत भविष्याचा सुगावा सर्वांत जास्त लागतो तो 'मघाचे शब्द' या प्रश्नात. कारण शरीरशास्त्राचे आहे. नवी आठवण पक्की करण्याचे काम मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस करतो आणि अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचे सर्वांत मोठे कारण, बहुतेकांत त्याच परिसरात आधी पोचतो. लगेच शब्द परत म्हणणे ही लक्ष देण्याची परीक्षा आहे. मध्ये दुसरे काम करून पाच, दहा, वीस मिनिटांनी ते आठवणे ही साठवणीची परीक्षा. इथेही एक बारकावा आहे आणि घाईच्या शिबिरात तोच सुटतो. शब्द आठवला नाही तर इशारा द्यायचा असतो: 'त्यात एक फळ होते.' इशाऱ्यावर शब्द ओठांवर आला, तर आठवण साठलेली होती, बाहेर येत नव्हती एवढेच. वाढत्या वयात, उदास मनःस्थितीत, झोप अपुरी झाल्यावर असे होते. इशारा देऊनही पाटी कोरी राहिली, किंवा कधी न सांगितलेलेच फळ ठामपणे सांगितले गेले, तर मामला वेगळा. ग्रोबर आणि बुश्के यांनी १९८७ मध्ये इशारे देऊन घेण्याच्या चाचणीची शिस्त बसवली आणि आज अल्झायमरच्या सुरुवातीच्या निदानात तिला मोठे वजन आहे. तिला वेळ लागतो आणि शिकलेला परीक्षक लागतो. म्हणून शिबिरात ती नसते.

आता भाकिताकडे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात १९८८ पासून 'पाकिद' नावाचा अभ्यास चालला. पासष्टीपुढच्या हजारो माणसांकडे दर काही वर्षांनी जाऊन त्याच चाचण्या घ्यायच्या, असा त्याचा परिपाठ. पुढे ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचे जुने कागद काढून निरोग्यांशी ताडले, तेव्हा निदानाच्या सुमारे बारा वर्षे आधीपासून त्यांचे गुण वेगळी वाट धरताना दिसले. सर्वांत आधी घसरली ती शब्द भराभर सांगण्याची चाचणी, म्हणजे ठरावीक वेळात रंग, प्राणी, फळे, गावे यांची नावे सांगणे. घरच्यांना तेव्हा काहीही जाणवत नव्हते. अमेरिकेतल्या जोगिणींच्या अभ्यासाने तर त्याहून मागे नेले. ९३ भगिनींनी साधारण बाविसाव्या वर्षी मठात प्रवेश करताना लिहिलेली आत्मवृत्ते तपासली, आणि ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी होती त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर अधिक आढळला. १९९६ मध्ये हे छापून आल्यावर बराच गाजावाजा झाला. तरुणपणीच आजाराची चाहूल होती, की समृद्ध भाषेमुळे मेंदूला पुढे आधार मिळाला, याचा उलगडा त्यातून होत नाही. मला दुसरी शक्यता अधिक पटते, पण ते असो.

ही झाली गटांची गोष्ट, आणि गटाचे खरे असते ते समोर बसलेल्या एका माणसाचे खरे असेलच असे नाही. मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' ही मधली पायरी मांडली: आठवण वयाच्या मानाने कमी, पण रोजचे व्यवहार शाबूत. या पायरीवरची दहा-पंधरा टक्के माणसे दरवर्षी डिमेन्शियात उतरतात, असे स्मृती-चिकित्सालयांतले आकडे सांगत होते. पण चिकित्सालयात येतो तो मुळात काळजी वाटली म्हणूनच येतो. वस्तीत जाऊन मोजल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. शिवाय या पायरीवरच्या दर चार-पाचांतला एक जण पुढच्या तपासणीत पुन्हा सामान्य निघतो. एमएमएसईविषयी तर कॉक्रेन या तटस्थ पुरावा-परीक्षण संस्थेने अकरा अभ्यास आणि दीड हजारांवर रुग्ण तपासून स्पष्ट म्हटले, की कोण डिमेन्शियाकडे जाईल हे एका वेळच्या एमएमएसईवरून सांगायला आधार नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०२० मध्ये, लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाळणी करण्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलायला पुरेसा पुरावा नाही, असेच सांगितले.

यातला अडसर गणिताचाही आहे. देशात साठीपुढच्यांत डिमेन्शिया किती, याचा आज सर्वांत भरवशाचा आकडा 'लासी-डॅड' या पाहणीतून येतो. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या 'लासी' या मोठ्या सर्वेक्षणातून ती निघाली. तिच्यात अठरा राज्यांतल्या ४,०९६ ज्येष्ठांची तपासणी झाली आणि प्रमाण ७.४ टक्के आले, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसे. आता समजा, एका शिबिरात हजार ज्येष्ठ आले आणि चाचणी बरीच चांगली आहे: शंभर आजाऱ्यांतले ऐंशी पकडते, शंभर निरोग्यांतल्या ऐंशींना निरोगी म्हणते. हजारांत आजारी ७४, त्यातले ५९ पकडले जातील. उरलेल्या ९२६ निरोग्यांपैकी १८५ जणांनाही शंकेची चिठ्ठी मिळेल. चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या २४४ जणांत खरोखर आजारी चौघांत एकच. आणि पंधरा आजारी माणसे निर्धास्त होऊन जातील. हा आजच्या आजाराचा हिशेब झाला. दहा वर्षांनंतरच्या आजाराचा याहून अवघड.

मराठी मुलखातले आकडेही ताडून पाहण्यासारखे आहेत. मुंबईत वास, पिंटो आणि सहकाऱ्यांनी २४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००१ मध्ये पासष्टीपुढचे प्रमाण २.४४ टक्के दिले. पुण्यातल्या २०१० च्या पाहणीत ते ४.१ टक्के. मग देशाचे ७.४, तेही साठीपासून धरलेले. दहा-वीस वर्षांत आजार तिपटीने वाढला, असे कोणी यातून काढू नये. चाचणी बदलली, रेघ बदलली, निदानाची व्याख्या बदलली, की आकडा बदलतो.

बल्लभगडची कथा इथे सांगायलाच हवी. १९९० च्या दशकात मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी चमूने हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम सुरू केले. तपासलेल्या ५,१२६ जणांत सुमारे तीन-चतुर्थांश निरक्षर. 'डोळे मिटा' असे लिहिलेला कागद वाचून तसे करा, हा एमएमएसईतला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे हास्यास्पद होते. मग परीक्षकाने म्हणायचे, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा, आणि डोळे मिटायचे. एक वाक्य लिहा, याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा. आकडेमोडीच्या वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणा. अशी हिंदी चाचणी, एचएमएसई, १९९५ मध्ये तयार झाली. तिच्या आधारे या खेड्यांत अल्झायमरचे प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघाले. पासष्टीपुढे जेमतेम एक टक्का. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो होणे योग्यच. पण चाचणी माणसाकडे कशी न्यावी, याचा धडा त्या कामाने घालून दिला.

नाशिक जिल्ह्यात हा धडा एका भाषेत गिरवून भागत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख, तालुके पंधरा, अनुसूचित जमातींचा वाटा पाव भागाहून थोडा अधिक. गंगापूर रोडवरचे निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले कामगार आणि सुरगाणा-पेठमधल्या कोकणा किंवा वारली आजी यांना एकच कागद देऊन एकच रेघ लावली, तर तो कागद शाळेची वर्षे मोजेल. सटाणा-देवळ्याकडे घरात अहिराणी चालते, मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत उर्दू. महाराष्ट्रात साठीपुढचे लोक तेव्हा ९.९ टक्के होते. तेवढेच प्रमाण नाशिकचे धरले आणि लासी-डॅडचा आकडा लावला, तर जिल्ह्यात तेव्हाच चाळीस हजारांहून अधिक माणसे डिमेन्शियाची निघतात. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आवाका कळायला पुरेसा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशी चाचण्यांचा संच तयार केला ही मोठी गोष्ट. पण त्याच्या पहिल्या पाच भारतीय भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या.

शिक्षणाचा परिणाम किती खोल असतो, हे पोर्तुगालमधल्या आलेशान्द्रा रेइस यांच्या चमूने दाखवले आहे. शाळेत न गेलेल्या बायकांना एका मिनिटात प्राण्यांची नावे विचारली तर त्या शिकलेल्यांच्या मागे पडत. बाजारात मिळणाऱ्या खाद्यवस्तू विचारल्या की फरक उरत नसे. रेघांच्या चित्रातली वस्तू ओळखताना त्या अडत, तीच वस्तू हातात दिली की नाही. मोकाच्या मूळ कागदावर सिंह, गेंडा आणि उंट आहेत. ज्या आजीने गेंडा कधी चित्रातही पाहिला नाही, तिचा तिथे जाणारा एक गुण कोणत्या आजाराचा? तिला भाज्या विचारा, लग्नातले विधी क्रमाने विचारा. लासलगावच्या बाजार समितीत आयुष्यभर कांदा विकलेल्या शेतकऱ्याला क्विंटलचा भाव सांगून आठ गोण्यांचे किती होतील ते विचारा. शंभरातून सात विचारू नका. तारखेचेही तसेच. घरात कालनिर्णय बघून दिवस चालतो तिथे तारीख चुकेल, पण एकादशी कधी आहे ते अचूक सांगतील. मात्र उलट बाजूनेही फसगत होते. संपूर्ण हरिपाठ घडाघडा म्हणणारे आजोबा पाहून घरचे म्हणतात, 'यांची स्मरणशक्ती तर आपल्यापेक्षा चांगली.' पाठांतर जुनी, पक्की झालेली आठवण आहे. अल्झायमर तिला शेवटी हात लावतो. सकाळी कोण येऊन गेले, हे त्यांना विचारायला हवे.

लासी-डॅडमध्ये स्त्रियांतले प्रमाण ९ टक्के आणि पुरुषांतले ५.८, खेड्यांत ८.४ आणि शहरांत ५.३ दिसते. यातला बराचसा वाटा मुलींना शाळेत न पाठवण्याचा आहे असे मला वाटते, आणि तो दोन्ही बाजूंनी असावा: कमी शिक्षणाने आजार झेलण्याची मेंदूची शिल्लकही कमी राहते आणि चाचणीतही गुण कमी पडतात. उलट हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये दाखवले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फायदा टिकला. घरात अहिराणी, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी अशा सटाणा-देवळ्याकडच्या माणसांवर हे तपासून पाहण्याजोगे आहे.

गुण कमी पडण्याची इतर कारणे तर दारातच उभी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने खेडी, झोपडपट्टी आणि मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ब-१२ कमी, थायरॉइड मंद, झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्या, नैराश्य, वाढलेली साखर: यांतले काहीही आठवणीला ओढून खाली आणते, आणि यांतले बरेच दुरुस्त होते. सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे कान. पंखे घरघरताहेत, शेजारच्या टेबलावर रक्तदाब मोजताहेत, बाहेर चहा वाटताहेत, अशा सभागृहात सत्तरीच्या माणसाला शब्द नीट ऐकूच गेला नाही, तर तो आठवणार कसा? लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे चौदा टाळता येण्याजोगे धोके मोजले आणि ते सगळे दूर झाले तर जवळपास ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. त्यात ऐकू कमी येणे वरच्या क्रमांकात आहे. शिबिरात ऐकू येते का हे आधी तपासावे, शब्द नंतर विचारावेत.

चाचणीच्या कागदाइतकाच उपयोगी साक्षीदार म्हणजे घरातले माणूस. 'दहा वर्षांपूर्वीपेक्षा आता कसे?' असे विचारणाऱ्या प्रश्नावल्या १९८९ पासून वापरात आहेत आणि शिक्षणाचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो, कारण माणसाची तुलना त्याच्याशीच होते. बल्लभगडच्या चमूनेही अशी यादी केली होती: जेवल्याचे विसरतात का, दिवाळी-होळीसारखे सण लक्षात राहतात का, गावातल्या गावात वाट चुकतात का. अडचण अशी, की आपल्याकडे घरचे या गोष्टी आजार म्हणून सांगत नाहीत. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून २००१ मध्ये हेच टिपले: लक्षणे सगळ्यांना ओळखीची होती, पण ती वयाचा भाग मानली जात. नाशिकमध्ये वेगळे ऐकू येत नाही. 'म्हातारचळ आहे हो,' म्हणून विषय संपतो. पुन्हा साक्ष कोणाची, हेही महत्त्वाचे. मोठा मुलगा म्हणतो, 'बाबा एकदम फिट आहेत.' दूध उतू गेलेले, एकच गोळी दोनदा घेतलेली, औषधाची पट्टी फ्रीजमध्ये सापडलेली, हे सुनेला माहीत असते, आणि दवाखान्यात ती दाराबाहेर उभी असते. तिला आत बोलवावे.

रक्ताच्या तपासणीने हे सगळे जुने होईल, असे काहींना वाटते. पी-टाउ २१७ या प्रथिनावर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली खरी, पण ती लक्षणे असलेल्या पंचावन्नपुढच्या रुग्णांसाठी आणि तज्ज्ञाच्या हाताखाली. लक्षणे आहेत की नाहीत हे ठरवायला पुन्हा तेच 'मघाचे शब्द' लागतात.

मग शिबिरे बंद करावीत का? नाही, त्यांचे काम बदलावे. अंगणवाडीत बाळाचे एका दिवसाचे वजन पाहून कोणी घाबरत नाही. महिन्यामहिन्याचे ठिपके जोडून रेघ कुठे चालली ते पाहतात. इथेही तसेच करावे: साठीला पहिली नोंद, मग दर वर्षा-दोन वर्षांनी पुढची. दोन-तीन गुण इकडेतिकडे होणे हे मोजमापातले हेलकावे आहेत. लागोपाठच्या नोंदींत उतार दिसला तर पुढे पाठवावे. दर वेळी शब्द बदलायला हवेत, कारण तीच चाचणी पुन्हा दिली की माणसे सवयीने सुधारतात. आणि जे दुसऱ्यांदा देऊनही अजिबात सुधारत नाहीत, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे. काही अभ्यासांत तीच पुढच्या घसरणीची खूण ठरली आहे. बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार माणसांचा असाच दीर्घ पाठपुरावा हाती घेतला आहे.

नाशिकला यासाठी लागणारी माणसे आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आशा कार्यकर्त्या पाड्यापाड्यावर पोचतात आणि शहरात ज्येष्ठ नागरिक संघांना दर महिन्याला एकत्र जमण्याची सवय आहे. हवी आहे ती नाशिकची स्वतःची प्रमाण-सारणी: प्रमाण मराठी, अहिराणी, कोकणा, उर्दू अशा भाषा-बोलींत, आणि शून्य, पाच, दहा, पंधरा वर्षे शिक्षण झालेल्या धडधाकट ज्येष्ठांचे गुण साधारण किती असतात याची. ती नसेपर्यंत शिबिरातला आकडा घरी द्यायच्या कागदावर लिहू नये, असे माझे मत आहे. 'कान तपासून घ्या, ब-१२ आणि थायरॉइड पाहा, पुढच्या वर्षी याच महिन्यात या', एवढे लिहावे. घरी फार घोळ होत असेल तर वर्ष थांबण्याचे कारण नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

आणखी एक, जे शिबिरांत कोणी बोलत नाही. कमी गुणांचा कागद वाटणीच्या भांडणात पुरावा म्हणून फिरतो. शहराभोवतीच्या जमिनींचे भाव पाहता हा धोका नाशिकमध्ये कमी नाही. तीन शब्द न आठवणे म्हणजे सातबाऱ्यावर सही करण्याची समज गेली, असे होत नाही; ती समज तपासण्याची रीत निराळी आणि तिला तज्ज्ञ लागतो. म्हणून निकाल आधी ज्याचा आहे त्याला सांगावा, आणि मुलाला सांगायचा का, हे त्यालाच विचारावे.